डबीवरचं हिरवं पान

औषधी वनस्पतींच्या अर्कांबद्दल बरीच पत्रं साठली होती. एकमेकांना लागून येणारे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : गुडघेदुखीसाठी मुलाने हळदीच्या कॅप्सूल आणून दिल्या. डबीवर हिरवं पान छापलंय आणि खाली लिहिलंय, ‘सुपरक्रिटिकल सीओटू पद्धतीने काढलेला पर्यावरणपूरक अर्क, भरपूर अँटिऑक्सिडंट’. कार्बन डायऑक्साइडमुळे पृथ्वी तापते असं रोज पेपरात वाचतो. मग त्याच वायूने काढलेला अर्क पर्यावरणपूरक कसा? (एक निवृत्त शिक्षक, नाशिक)

शंका रास्त आहे. उत्तर दोन तुकड्यांत द्यावं लागेल, कारण वायूच्या बाबतीत हा दावा बऱ्यापैकी टिकतो, हळदीच्या बाबतीत मात्र लंगडतो.

आधी घरी एक प्रयोग करून बघा. दोन जुन्या वाट्या घ्या. एकीत साधं पाणी, दुसरीत हाताला लावायचं पातळ सॅनिटायझर, ज्यात ७० टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं. दोन्हींत चिमूट चिमूट हळद टाका, ढवळा आणि दहा मिनिटं तशीच राहू द्या. पाण्यातली हळद तळाशी बसते, वरचं पाणी फिकट पिवळं दिसतं. सॅनिटायझर गडद, केशरीकडे झुकणारं पिवळं होतं आणि तळाचा गाळ फिका पडत जातो. तो द्रव पांढऱ्या कापडावर सांडू देऊ नका, एवढंच सांगतो.

वनस्पतीतून अर्क काढण्याचं बरंचसं शास्त्र या दोन वाट्यांत आलं. काही रेणूंना पाणी मानवतं. काहींना पाणी चालत नाही. ते अल्कोहोल, ॲसिटोन, हेक्झेन नाहीतर तेलातुपात उतरतात. हळदीला रंग देणारं कर्क्युमिन या दुसऱ्या गटातलं. वाळलेल्या हळदीत ते साधारण २ ते ५ टक्के असतं आणि पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. चुन्याच्या पाण्यात मात्र लाल होऊन उतरतं. औक्षणाच्या ताटातलं हळद-चुन्याचं लाल पाणी सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पण अशा अल्कधर्मी पाण्यात कर्क्युमिन टिकत नाही, थोड्याच वेळात त्याचे तुकडे पडतात. त्यामुळे कारखान्याला तो मार्ग कामाचा नाही.

म्हणून मसाल्यांची ओलिओरेझिनं, म्हणजे दाट तेलकट अर्क, काढणारे कारखाने, आणि कोचीच्या आसपास असे बरेच आहेत, पूर्वापार ॲसिटोन, इथाइल ॲसिटेट, हेक्झेन असली द्रावकं वापरत आले. भुकटीतून द्रावक झिरपवायचं, खाली उतरलेला द्रव तापवून द्रावक उडवायचं, वाफ थंड करून पुन्हा टाकीत घ्यायची. प्रयोगशाळेत हेच काम काचेचं सॉक्स्लेट उपकरण करतं. फ्रान्झ फॉन सॉक्स्लेट या जर्मन शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये ते दुधातली चरबी मोजण्यासाठी काढलं होतं; आज फार्मसी कॉलेजात जडीबुटीवाचून ते क्वचितच दिसतं.

या द्रावकांचं दुखणं कुठे आहे? ग्राहकाला भीती घातली जाते ती कॅप्सूलमध्ये राहिलेल्या अंशाची. तो अंश किती चालेल याच्या मर्यादा ठरलेल्या आहेत : औषधांसाठीच्या आंतरराष्ट्रीय आयसीएच मार्गदर्शिकेत हेक्झेनला २९० पीपीएम, मिथेनॉलला ३००० पीपीएम. ही मर्यादा पाळली असेल तर डबी घेणाऱ्याने फार घाबरू नये. खरा भार कारखान्याच्या आत आहे. हेक्झेनची वाफ वर्षानुवर्षं छातीत गेली की शरीरात तिचं २,५-हेक्झेनडायोन होतं आणि हातापायांच्या नसा निकामी होऊ लागतात. मिथेनॉल काय करतं ते २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीच्या विषारी दारूने शंभराहून अधिक जीव घेऊन दाखवलं. शिवाय बंद म्हणवणाऱ्या यंत्रणेतूनही थोडं द्रावक हवेत जातंच, आणि यातली बहुतेक द्रावकं खनिज तेलापासून येतात. ‘रसायनमुक्त’ म्हणणारी जाहिरात ग्राहकाच्या काळजीवर चालते. ती काळजी हौदाशेजारी उभ्या असलेल्या कामगाराची करायला हवी होती.

आता तुमचा वायू. कार्बन डायऑक्साइड ३१ अंश सेल्सिअसच्या वर आणि सुमारे ७४ बार दाबाखाली नेला की तो ना धड वायू राहतो ना द्रव. ३१ अंश म्हणजे नाशिकमध्येही एप्रिलच्या कुठल्याही दुपारी असतात. अवघड आहे तो दाब. मोटारीच्या टायरमध्ये साधारण २ बार असतो, त्यावरून अंदाज घ्या. या अवस्थेत तो भुकटीच्या कणाकणांत वायूसारखा शिरतो आणि द्रवासारखा विरघळवतो. दाब सोडला की तो उडून जातो आणि मागे फक्त अर्क उरतो. दाबाखालच्या वायूत घन पदार्थ विरघळतात हे हॅने आणि होगार्थ यांनी दाखवलं, योगायोगाने सॉक्स्लेटच्याच वर्षी. पण ते उद्योगाच्या वाटेला लागायला १९६० चं दशक उजाडावं लागलं. जर्मनीत म्युल्हाइमच्या माक्स प्लांक कोळसा संशोधन संस्थेत कुर्ट झोझेल यांनी याच वायूने कॉफीतलं कॅफीन काढून घेतलं. आज बियरसाठी लागणाऱ्या हॉप्सचा अर्कही असाच निघतो.

यासाठी लागणारा वायू मुद्दाम जाळून तयार करत नाहीत. खतांच्या कारखान्यांतून आणि मद्यार्काच्या किण्वनातून तो आपसूक बाहेर पडतच असतो. तिथूनच पकडून, शुद्ध करून आणतात, आणि यंत्रात तोच तो फिरवतात. सोड्याच्या बाटलीतला वायूही याच वाटेने आलेला असतो. त्यामुळे वायूचा हिशेब फारसा वाईट नाही. हिशेब बघायचा तो विजेचा. अडीचशे-तीनशे बारपर्यंत दाबणारे पंप, गार करणारी यंत्रं, पुन्हा तापवणारी यंत्रं, हे सगळं महाराष्ट्रात चालवाल तर वीज मुख्यतः चंद्रपूर-कोराडीच्या कोळशावरची. छतावर सौर पॅनल असलेला कारखाना आणि नसलेला कारखाना डबीवर सारखंच हिरवं पान छापतात.

आणि आता हळदीकडे. शुद्ध कार्बन डायऑक्साइड स्वभावाने तेलकट रेणूंचा. हळदीतून तो टर्मेरोनयुक्त सुगंधी तेल सुरेख काढतो. कर्क्युमिन मात्र त्यात फारच कमी उतरतं. त्यासाठी सोबत इथेनॉल मिसळावं लागतं आणि दाबही वाढवावा लागतो. बाजारात ‘९५ टक्के कर्क्युमिनॉइड’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा नेहमीच्या द्रावकाने काढून, स्फटिक करून शुद्ध केलेलं असतं. तेव्हा डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. ‘सीओटू अर्क’ म्हणून फक्त तेल असेल तर दावा खरा, पण तुम्हाला हवं असलेलं कर्क्युमिन त्यात नाममात्र. कर्क्युमिन ९५ टक्के असेल तर ते नेमकं कशाने काढलं, हे कंपनीला विचारा. आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कॅप्सूल सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा. आमटीतली हळद आणि ९५ टक्क्यांची कॅप्सूल यांत मात्रेचा फार मोठा फरक आहे. इटलीत २०१९ मध्ये अशा पूरकांनंतर यकृताला सूज आल्याची प्रकरणं पुढे आली होती.

प्रश्न : आमच्या घरात तीन पिढ्यांपासून काढे होतात. पाणी आणि जाळ, याहून पर्यावरणपूरक काय असणार? मग कोट्यवधींची यंत्रं कशाला? (एक गृहिणी, चिपळूण)

पाण्याचा मान मोठा आहेच. चरकांनी सांगितलेल्या पाच कषायकल्पना आठवा : स्वरस, कल्क, शृत म्हणजे काढा, शीत आणि फांट. आधुनिक प्रयोगशाळेत द्रावक, तापमान आणि वेळ बदलून बघतात. इथेही तेच चाललं आहे. शीतकषाय रात्रभर गार पाण्यात भिजवायचा, फांट चहासारखा गरम पाण्यात थोडा वेळ ठेवायचा, काढा उकळून आटवायचा. कुठली वनस्पती कुठल्या रीतीने घ्यायची याचे ठोकताळे वैद्यांकडे होते.

आवळ्याचं उदाहरण घ्या. त्यातलं क जीवनसत्त्व पाण्यात सहज उतरतं, पण उष्णतेने आणि हवेने मरतं. तांब्याचा अंश असला की आणखी लवकर. म्हणून आवळ्याचा ताजा स्वरस काढावा, तोही काचेत किंवा स्टीलमध्ये. हिरड्यातली टॅनिनं त्या मानाने दणकट, त्यांना उकळी सोसते. एकच रीत सगळ्यांना लावली की काहीतरी हातचं जातं.

पण पाणी नेहमीच सर्वांत हिरवं असतं, हे मात्र तपासून घ्यायला हवं. शार्ङ्गधरसंहितेतलं माप आहे : एक भाग औषधाला सोळा भाग पाणी, आणि आटवून आठवा हिस्सा ठेवायचा. म्हणजे एक किलो भरडीला सोळा लिटर पाणी घेऊन चौदा लिटर वाफेवर घालवायचं. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे २.२६ मेगाज्यूल उष्णता लागते. उकळी येण्यापर्यंतची धरून सगळा हिशेब ३७ मेगाज्यूलच्या आसपास जातो. शेगडीवर वाया जाणारी उष्णता धरली तर एवढ्यासाठी साधारण सव्वा किलो गॅस जळतो. घरात मूठभर भरडीचा काढा होतो, तेव्हा हे जाणवत नाही. कारखान्यात रोज टनभर भरडीचा करायचा असेल तर सव्वा टन गॅस. इथेनॉल उडवायला किलोमागे पाण्याच्या जेमतेम सदतीस टक्के उष्णता पुरते, शिवाय ते थंड करून परत मिळतं. काढ्याची वाफ खिडकीतून जाते ती गेलीच.

आपल्या परंपरेत यावरही एक उपाय होता आणि माझ्या मते तो काढ्यापेक्षा चतुर आहे : आसव आणि अरिष्ट. काढ्यात किंवा रसात गूळ, मध घालायचा, धायटीची फुलं टाकायची आणि भांडं बंद करून ठेवून द्यायचं. फुलांबरोबर आलेलं यीस्ट गुळाचं अल्कोहोल करतं, पाच ते दहा टक्क्यांच्या घरात. म्हणजे द्रावक भांड्यातच तयार होतं, खोलीच्या तापमानाला, आठवडे न् आठवडे हळूहळू. पाण्यात न उतरणारे रेणूही थोडेथोडे उतरतात आणि तेच अल्कोहोल औषध टिकवतं. सह्याद्रीत फेब्रुवारी-मार्चमध्ये धायटी लाल फुलांनी भरते, ती जाता-येता सगळेच बघतात. या झुडपाच्या फुलांवर आपला सगळा अरिष्ट-धंदा उभा आहे हे फार थोड्यांना माहीत असतं.

पाण्याचा अंगभूत स्वभाव बदलण्याचेही मार्ग आहेत. दाबाखाली पाणी न उकळू देता २०० अंशांपर्यंत नेलं की त्याचा विद्युत-अपार्यता स्थिरांक (डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट) ८० वरून ३५ च्या आसपास उतरतो, म्हणजे जवळजवळ मिथेनॉलइतका होतो. तेच पाणी मग पूर्वी नाकारलेले रेणू स्वीकारू लागतं. अर्थात २०० अंशांना नाजूक रेणू जळण्याची भीती असते. दुसरा मार्ग आपल्याच माटुंग्यात तपासला गेला. रसायन तंत्रज्ञानाच्या संस्थेत, म्हणजे जुन्या यूडीसीटीत, विलास गायकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मिऱ्यातलं पायपरीन आणि हळदीतलं कर्क्युमिन हायड्रोट्रोप मिसळलेल्या पाण्याने काढून दाखवलं. सोडियम क्युमीन सल्फोनेटसारखा क्षार पाण्यात भरपूर असला की न विरघळणारं विरघळतं. नंतर नुसतं पाणी घालून पातळ केलं की हवा तो पदार्थ साक्यासारखा खाली बसतो. तो आटवत बसावा लागत नाही, ही त्यातली खरी खुबी. मागे राहिलेलं पातळ क्षारपाणी पुन्हा दाट करायला मात्र उष्णता लागते. फुकट काही नाही.

प्रश्न : यूट्यूबवर ‘मायक्रोवेव्ह एक्स्ट्रॅक्शन’ पाहिलं. घरच्या मायक्रोवेव्हमध्ये स्पिरिटात भिजवलेली तुळस ठेवली तर चालेल का? (पुणे)

नाही. स्पिरिटची वाफ बंद खोक्यात पेट घेते. प्रयोगशाळेतली यंत्रं त्यासाठी वेगळी बांधलेली असतात. पाण्यात भिजवून ठेवलीत तर स्फोट होणार नाही, पण मग तो तुळशीचा चहाच झाला.

प्रश्न : बीएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये मी तुळशीचे दोन अर्क केले. डीपीपीएच चाचणीत मिथेनॉलचा अर्क पाण्याच्या अर्कापेक्षा सरस आला. सर म्हणतात ग्रीन पद्धतीचा आग्रह सोड. खरंच सोडू का? (एक विद्यार्थिनी, अकोला)

सोडू नका, आधी आकडे कशाचे आहेत ते बघा. डीपीपीएच हा जांभळा, टिकाऊ मुक्तमूलक. अँटिऑक्सिडंट भेटला की तो फिका पिवळा होतो आणि ५१७ नॅनोमीटरवर रंग किती उतरला ते मोजायचं. ब्लॉइस यांनी १९५८ मध्ये ही चाचणी मांडली, आणि स्वस्त व सोपी म्हणून ती भारतातल्या जवळजवळ प्रत्येक कॉलेजात पोचली. पण डीपीपीएच स्वतः पाण्यात विरघळत नाही, ते बहुधा मिथेनॉलमध्ये बनवतात. तुमचा पाण्याचा अर्क त्यात ओतला की काही घटक गढूळ होऊन खाली बसतात आणि मोजणीतून निसटतात. पंच आधीच एका बाजूचा आहे.

दुसरं असं की, पाण्यात साखर, क्षार, डिंक असं बरंच बिनकामाचं सामान उतरतं. त्यामुळे अर्काच्या ग्रॅममागे ताकद कमी दिसते. तोच हिशेब वाळलेल्या तुळशीच्या ग्रॅममागे मांडून बघा, चित्र पालटू शकतं. आयसी-५० चा, म्हणजे निम्मा परिणाम साधायला लागणाऱ्या मात्रेचा, आकडा लहान म्हणजे ताकद जास्त, हे लिहिताना अनेकांचं उलटं होतं, तेही तपासा. आणि तिसरा नमुना ५० ते ७० टक्के इथेनॉलचा करून बघा. फिनॉल वर्गातल्या बहुतेक रेणूंना निव्वळ पाण्यापेक्षा आणि निव्वळ अल्कोहोलपेक्षा हे मिश्रण जास्त मानवतं. तुळशीतल्या रोझमॅरिनिक आम्लालाही ते साजेसं आहे. कॉलेजात अल्ट्रासाउंड बाथ असेल तर त्यात बाटली ठेवा. ध्वनिलहरींनी द्रवात बारीक बुडबुडे होऊन फुटतात, पेशींच्या भिंती फाटतात आणि तासांचं काम मिनिटांत उरकतं. बाथ तापतो, त्यात बर्फ टाकत राहा. नाहीतर श्रेय ध्वनीला आणि काम उष्णतेने केलेलं, असं होईल.

एक सावधगिरी मात्र प्रबंधात जरूर लिहा. परीक्षानळीतला रंग उतरला म्हणजे माणसाच्या शरीरात तेच घडेल असं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या ‘ओरॅक’ आकड्यांची, म्हणजे परीक्षानळीत मोजलेल्या अँटिऑक्सिडंट ताकदीची, यादी २०१२ मध्ये काढून टाकली, कारण कंपन्या ते आकडे जाहिरातीत मिरवत होत्या आणि शरीरातल्या परिणामाशी त्यांचा संबंध लागत नव्हता. त्याआधी, १९९६ मध्ये, बीटा-कॅरोटिनच्या गोळ्यांची ‘कॅरेट’ ही मोठी चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली : गोळ्या घेणाऱ्या धूम्रपानी लोकांत फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढला होता.

प्रश्न : लोणी कढवताना आई विड्याचं पान टाकायची. तूप खमंग होतं म्हणायची. यात काही अर्क वगैरे असतो का? (सोलापूर)

असतो, आणि अँटिऑक्सिडंटचा सगळ्यात प्रामाणिक उपयोग मला इथेच दिसतो. विड्याच्या पानात हायड्रॉक्सीचॅव्हिकॉल, युजेनॉल असे फिनॉल वर्गातले रेणू असतात. लोणी कढताना पान कुरकुरीत होतं, त्यातलं पाणी उडतं आणि हे रेणू तुपात उतरतात. तूप खवट होतं ते हवेतल्या ऑक्सिजनमुळे; हे रेणू ती साखळी मध्येच तोडतात. इथे द्रावक म्हणजे तूपच, ते उडवायचं नाही, परत मिळवायचं नाही, वेगळी वीज नाही. पान काढून टाकलं की काम झालं.

अन्नउद्योगही याच वाटेला लागला आहे. तेलं-फरसाण टिकवायला टीबीएचक्यू, बीएचए ही कृत्रिम अँटिऑक्सिडंट वापरतात. त्यांच्या जागी रोझमेरीचा अर्क वापरायला युरोपात २०१० मध्ये ई ३९२ या क्रमांकाने मान्यता मिळाली. तो इथेनॉलने, ॲसिटोनने, हेक्झेननंतर इथेनॉलने किंवा कार्बन डायऑक्साइडने काढता येतो. परवानगी सगळ्यांना आहे, नाव एकच. शरीरात जाऊन अँटिऑक्सिडंट काय करतो यावर वाद आहेत. डब्यातला चिवडा खवट झाला की नाही, हे नाकाला लगेच कळतं.

प्रश्न : आमच्या बचत गटाचं अमृत कोकम चांगलं चालतं. साखरेत मुरलेल्या साली शेवटी उरतात, त्या बऱ्याचदा टाकून द्याव्या लागतात. त्यातून अँटिऑक्सिडंट काढून विकता येईल का? (सिंधुदुर्ग)

येईल, पण आधी काय उरलंय ते समजून घेऊ. साखर सालीतलं पाणी बाहेर ओढते आणि त्याबरोबर लाल रंग, म्हणजे अँथोसायनिनं, आणि हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल सरबतात येतं. सरबताचा तो भडक लाल आणि आंबटपणा त्यांचाच. पण कोकमातलं गार्सिनॉल पाण्याला जुमानत नाही. ते पिवळसर, तेलकट वृत्तीचं, सालीतच बसून राहतं. म्हणजे तुम्ही टाकता त्या सालीत अँटिऑक्सिडंट म्हणून नावाजलेला एक रेणू जवळजवळ अखंड आहे. पर्यावरणपूरक अर्काची सुरुवात अशाच मालापासून व्हावी : ज्याच्यासाठी वेगळं झाड तोडलं नाही, वेगळी शेती केली नाही. आवळ्याचा चोथा, डाळिंबाची साल, आंब्याची कोय, सगळे याच रांगेतले.

अडचणी मात्र प्रयोगशाळेत नाहीत, अंगणात आहेत. कोकम एप्रिल-मेमध्ये पिकतं, साली हातात येतात तोवर पाऊस दाराशी. साखर लागलेली साल ओलीच राहिली तर दोन दिवसांत आंबते. ती वाळवायला लागणारं जळण हाच तुमच्या अर्काचा सर्वांत मोठा पर्यावरणीय खर्च ठरेल, द्रावक नव्हे. तेव्हा पहिला पैसा झाकलेल्या सौर वाळवणीत घाला, आणि साली साखरेतून काढल्या त्याच दिवशी एकदा पाण्यात खळखळून मग पसरा. ते गोड पाणी पुढच्या सरबताला चालतं.

द्रावक म्हणून इथेनॉल. गार्सिनॉल त्यात उतरतं, आपल्याकडे ते उसाच्या मळीपासून मुबलक बनतं, सांडलं तरी लवकर विघटित होतं. पण ते साठवायला राज्य उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, आणि बचत गटाला तो कागद मिळवणं हे यंत्रापेक्षा कठीण काम आहे. त्यामुळे माझा सल्ला असा की पहिली दोन-तीन वर्षं अर्क काढूच नका. साली नीट वाळवून, ओलावा मोजून, परवाना आणि यंत्र असलेल्या अर्क कारखान्याला विका. ‘वाळलेली, बुरशी नसलेली, अमुक गार्सिनॉल असलेली साल’ याला चांगला भाव मिळू शकतो. तपासणीचा अहवाल एखाद्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून घ्या.

साखर आणि लिंबूसत्त्व थोड्या पाण्यात एकजीव करून त्यातच अर्क काढण्याबद्दलही तुम्ही विचारलंय. हे नवं आणि रंजक प्रकरण आहे. २००३ मध्ये इंग्लंडात लेस्टरच्या ॲबट यांच्या गटाने दाखवलं की कोलीन क्लोराइड आणि युरिया हे दोन घन पदार्थ एकत्र केले की १२ अंशांनाच वितळलेले राहतात, वेगवेगळे असताना त्यांना शंभराच्या वर कितीतरी अंश लागतात. पुढे नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी साखर, सेंद्रिय आम्लं, अमिनो आम्लं यांची अशीच मिश्रणं करून वनस्पतींच्या अर्कासाठी वापरली. बिनविषारी, न पेटणारी, खाण्याजोगी. पण ती मधासारखी दाट असतात आणि उडून जात नाहीत, त्यामुळे अर्कातून वेगळी काढायची तर डोकेदुखी. वेगळी काढायचीच नसतील, म्हणजे तो पाकच क्रीममध्ये किंवा सरबतात जाणार असेल, तर उत्तम. कोकमाच्या लाल रंगाला हे जमेल. गार्सिनॉलवर मात्र या साखर-आम्लाच्या पाकाची फारशी मात्रा चालणार नाही.

प्रश्न : आमच्या भागात जंगलातून मुळ्या, साली गोळा करून व्यापाऱ्यांना देतात. गाडीवाले सांगतात, ‘ग्रीन’ कंपनीला जातं. याला हिरवं म्हणायचं का? (एक तरुण, आंबोली परिसर)

नाही. अर्क कितीही स्वच्छ वायूने काढलेला असो, झाड मुळासकट उपटलं असेल तर तो हिशेब तिथेच बुडाला.

फ्रान्सच्या ॲव्हिन्यों विद्यापीठातले फरीद शेमा आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हिरव्या अर्कपद्धतीची सहा तत्त्वं मांडली. त्यातलं पहिलंच तत्त्व वनस्पतीची वाणं निवडण्याबद्दल आणि पुन्हा वाढू शकणाऱ्या वनस्पती वापरण्याबद्दल आहे. द्रावकाचा नंबर त्यानंतर लागतो. कंपन्यांच्या माहितीपत्रकांत मात्र गोष्ट दुसऱ्या तत्त्वापासून सुरू होते.

तुमच्याच डोंगरातला नरक्या बघा. तो अँटिऑक्सिडंटसाठी प्रसिद्ध नाही. त्याच्या लाकडात कॅम्प्टोथेसिन असतं, ज्यापासून कर्करोगावरची टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधं बनतात. मूळ शोध चिनी झाडातला, १९६६ चा. १९७२ मध्ये गोविंदाचारी यांनी ते आपल्या नरक्यात दाखवलं आणि पुढे या मागणीपायी कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या जंगलांत चोरटी तोड सुरू झाली. लाकूड आणि मूळ हवं म्हटलं की झाड जातंच. पानांत हाच पदार्थ कमी असतो, म्हणून व्यापाऱ्याला पानं नकोत.

याउलट हिरडा. जुन्नर, आंबेगाव, अकोले या पट्ट्यातली महादेव कोळी कुटुंबं बाळहिरडा गोळा करतात. कोवळं फळ काढलं तरी झाड पुढच्या वर्षी उभंच असतं, त्यामुळे ते राखण्यात गोळा करणाऱ्याचाच फायदा. हिरड्यातली चेब्युलॅजिक आम्लासारखी टॅनिनं गरम पाण्यात उतरतात, कुठलंही महागडं यंत्र लागत नाही. अडतं ते भावाला. बाळहिरड्याचा भाव पडला की तीच माणसं मजुरीला निघून जातात आणि झाडाकडे बघायला कुणी उरत नाही.

व्यापाऱ्याला दोन गोष्टी विचारा : वनस्पतीचा कुठला भाग नेतोय, आणि वन विभागाचा वाहतूक परवाना कुणाच्या नावावर आहे. गावाला सामूहिक वनहक्क मिळाला असेल तर गौण वनोपज कधी आणि किती काढायचं हे ग्रामसभा ठरवू शकते, आणि तो ठराव लेखी करून वनपरिक्षेत्र कार्यालयात नोंदवा. मिळाला नसेल तर दाव्याचा अर्ज ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे द्यायचा असतो.